मथळ्यातला भामटा आणि दाखल्यावरचा भामटा

‘पोलीस असल्याची बतावणी करून भामट्यांनी वृद्धेचे दागिने लांबवले.’ हा मथळा मराठी वाचकाला पाठ आहे. शहर बदलतं, तोळे बदलतात, वाक्य तेच राहतं. याच महाराष्ट्रात प्रांत कार्यालयातून एखाद्या मुलीला जातीचा दाखला मिळतो आणि त्यावर ‘भामटा’ किंवा ‘राजपूत भामटा’ असं छापलेलं असतं, प्रवर्ग वि.जा. (अ), म्हणजे विमुक्त जाती. तो दाखला तिला शाळेत दाखवावा लागतो, वसतिगृहात दाखवावा लागतो, पुढे नोकरीच्या अर्जाला जोडावा लागतो. एकच शब्द एका कागदावर तिची ओळख आहे आणि दुसऱ्या कागदावर शिवी. वृत्तपत्रांनी, वाहिन्यांनी आणि पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकांनी ‘फसवणारा’ या अर्थाने हा शब्द वापरणं आता बंद करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. याला ‘शब्दाचा उगम काय, तो मूळचा जातीचा आहे की नाही’ असा प्रतिप्रश्न नेहमी येतो. म्हणून आधी उगमाकडेच जाऊ. फसवणाऱ्यांसाठी मराठीत जे शब्द आहेत त्यांच्या जन्मकथा चक्रावून टाकणाऱ्या आहेत, आणि त्या नीट पाहिल्या की मथळ्याचा प्रश्नही सुटतो.

शब्दाचं मूळ शोधायची रीत ठरलेली आहे. शब्द कोशात पहिल्यांदा कधी आणि कोणत्या अर्थाने येतो ते पाहायचं: मोल्सवर्थचा कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७), दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’, कृ. पां. कुलकर्ण्यांचा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’. मग शेजारच्या भाषांतली भावंडं पाहायची. मग ध्वनी नियमाने बदललेत का ते तपासायचं. कथा कितीही गोड असली तरी ती शेवटी पाहायची. बहुतेकांची चूक इथेच होते. कथा आधी सापडते आणि मग तिला शब्द चिकटवला जातो.

‘ठक’ घ्या. संस्कृतात ‘स्थग्’ म्हणजे झाकणं, लपवणं. ‘स्थ’चा ‘ठ’ होणं मराठीत रोजचं आहे: स्थानाचं ठाणं झालं. म्हणजे पहिलं अक्षर चोख जुळतं. अडचण दुसऱ्या अक्षराची. दोन स्वरांमधला एकटा ‘ग’ प्राकृतात टिकत नाही, तो गळतो. नगराचं ‘नेर’ झालं ते असंच, संगमनेर आणि अमळनेर ही नावं त्याची साक्ष आहेत. म्हणून ‘ठग’मधला ‘ग’ उरायला मध्ये कुठेतरी ‘ठग्ग’ असं जोडाक्षरी रूप मानावं लागतं. आणि तेवढं मानलं तरी मराठीतला ‘क’ उरतोच. हिंदीत ठग, मराठीत ठक, ठकवणं, ठकसेन, ‘ठकास महाठक’. ‘ग’चा ‘क’ का झाला याचं नियमात बसणारं सरळ उत्तर नाही. अर्थ मात्र लख्ख आहे. ठक म्हणजे झाकणारा. तो स्वतःला झाकतो, हेतू झाकतो.

हा झाकणारा इंग्रजीत गेला आणि त्याचा चेहराच बदलला. झियाउद्दीन बरनीच्या चौदाव्या शतकातल्या इतिहासात, जलालुद्दीन खिलजीच्या काळात दिल्लीला हजारभर ठग पकडून होड्यांतून बंगालच्या बाजूला सोडून दिल्याची नोंद आहे. पुढे १८३०च्या दशकात विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने ठगांविरुद्ध मोहीम काढली, आणि १८३६च्या कायद्याने नुसतं ‘ठगांच्या टोळीत असणं’ हाच जन्मठेपेचा गुन्हा ठरवला. त्याच वर्षी स्लीमनने या टोळ्यांच्या गुप्त बोलीचा, ‘रामसी’चा, शब्दसंग्रह छापला. त्यानंतर इंग्रजीत ‘थग’ म्हणजे दांडगाई करणारा गुंड झाला. गोड बोलून विश्वास मिळवणारा माणूस समुद्रापार जाऊन आरडाओरड करणारा झाला, आणि इकडे हिंदी-मराठीत तो गोड बोलणाराच राहिला. १८६०च्या भारतीय दंड संहितेच्या ३१०व्या कलमात ‘ठग’ची व्याख्या होती, ३११व्यात शिक्षा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलमं ठेवलेली नाहीत. म्हणजे आज ‘ठग’ नावाची जात नाही, दाखला नाही, कलमही नाही. शब्द मोकळा आहे, त्याने कुणालाच लागत नाही. हे ध्यानात राहू द्या.

आता ‘भामटा’. सर्वांत जास्त सांगितली जाणारी व्युत्पत्ती ‘भ्रम’वरून आहे: भ्रमात पाडणारा किंवा भ्रमण करणारा तो भामटा. ऐकायला पटते. ध्वनीच्या कसोटीवर मात्र ती अडखळते. मराठीत दोन स्वरांमधल्या एकट्या ‘म’चा ‘व’ होतो: ग्रामचं गाव, नामाचं नाव, कोमलचं कोवळं, भ्रमराचा भोवरा. म्हणजे खुद्द ‘भ्रम’च्याच घरातला शब्द ‘भोव-’ झालेला आपल्यासमोर आहे. ‘म’ टिकतो तो प्राकृतात ‘म्म’ असेल तेव्हा: कर्म, कम्म, काम, चर्म, चम्म, चाम, घर्म, घम्म, घाम. ‘भामटा’ भ्रमावरून आणायचा तर मध्ये ‘भम्म’ दाखवावं लागेल. ‘भ्राम्यति’ या क्रियारूपातून ते येऊ शकतं, पण ‘येऊ शकतं’ म्हणजे ‘आलं’ नव्हे. आणि शेवटचा ‘-टा’ वेगळाच. चोरटा, रानटी या शब्दांत तो दिसतो, पण तो नामाला लागलाय की क्रियापदाला यावर अर्थ बदलतो.

यापुढचं कोडं जास्त मोठं आहे. आधी समाजाचं नाव होतं आणि त्यावरून फसवणाऱ्याला ते मिळालं, की आधी फसवण्याचा शब्द होता आणि तो एका समाजाच्या माथी मारला गेला? मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६च्या चार खंडी ग्रंथात भामटा ही जात म्हणून नोंदलेली आहे आणि तिचं दुसरं नाव ‘उचल्या’ दिलेलं आहे. उचल्या हा तर उघडच कृतीवरून पडलेला शब्द, उचलणारा. कोणताही समाज स्वतःला स्वतःच्या भाषेत ‘आम्ही उचलणारे’ म्हणत नाही, हे नाव बाहेरच्यांनी ठेवलेलं. राज्य सरकारच्या यादीत भामटाखाली येणारी टकारी आणि पाथरूट ही नावं याच्या शेजारी ठेवून पाहा. टकारी म्हणजे टाकी चालवणारा. जात्याची पाळ गुळगुळीत झाली की दाणा नुसता फिरतो, पीठ पडत नाही. मग छिन्नीसारख्या टाकीने तिच्यावर खाचा पाडून ती पुन्हा खडबडीत करावी लागते. ते काम करणारा टकारी. एकाच समूहाचं एक नाव हाताच्या कामाचं आहे आणि एक आरोपाचं. मथळ्यात आपण कोणतं उचललं ते आपल्याला दिसतंच आहे.

वाद घालणारे इथेच चकतात असं मला वाटतं. ‘आधी सिद्ध करा की शब्द जातीवरून आला’ असं ते म्हणतात. समजा, जातीवरून आला. मग एका समाजाचं नाव घेऊन सगळ्या लबाडांना ते लावणं हा उघड अन्याय आहे. समजा उलट आहे, शब्द आधी ‘चोर’ या अर्थाचा होता आणि तो त्या लोकांना चिकटवला. मग सरकारी यादीत, दाखल्यावर आणि मथळ्यात आपण दीडशे वर्षांपूर्वीचा आरोप अजून वाचून दाखवतो आहोत. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येतात. व्युत्पत्तीचं कोडं सुटायची वाट पाहायची गरजच नाही.

आरोप कसा चिकटवला गेला याची कागदपत्रं आहेत. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, १९११च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यापर्यंत आला. बापाचा धंदा मुलगा करतो तसा गुन्हाही जातीने चालतो, असं त्यामागचं गृहीतक. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर. नोंदवही, बोटांचे ठसे, ठरलेल्या वेळी हजेरी, गावाबाहेर जायला पास आणि काहींना तारेच्या कुंपणातली वसाहत. सोलापूरची ‘सेटलमेंट’ आजही त्याच नावाने ओळखली जाते. गुन्हा सिद्ध झाल्यावर नव्हे, जन्म झाल्यावर नोंद. ३१ ऑगस्ट १९५२ला हा कायदा देशभर रद्द झाला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. महाराष्ट्राच्या यादीत आज १४ विमुक्त जाती आहेत: बेरड, रामोशी, कैकाडी, वडार, छप्परबंद, राज पारधी आणि इतर. यातली किती नावं आपण विशेषण म्हणून सहज वापरतो ते मोजून पाहा. निगरगट्ट माणसाला ‘बेरड’ म्हणतो, अवतार केलेल्या मुलाला ‘कैकाडी’ म्हणतो. छप्परबंद या नावाचा अर्थ नुसता छप्पर शाकारणारा एवढाच आहे, पण इंग्रजी दप्तरात ते खोटी नाणी पाडणाऱ्यांचं नाव होऊन बसलं.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात तुरुंग नियमावल्यांमधला जातीवर आधारलेला भेद घटनाबाह्य ठरवला आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला. विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार समजण्याच्या वहिवाटीवरही न्यायालयाने बोट ठेवलं. तुरुंगाच्या नोंदवहीतून जे जायला हवं ते वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर राहण्याचं कारण नाही.

‘हे शब्द आता कुणी जात म्हणून वापरत नाही, सगळ्यांना फक्त लबाड एवढाच अर्थ कळतो,’ असाही एक मुद्दा आहे. तो प्रामाणिक आहे. पण ‘सगळ्यांना’ म्हणजे कुणाला? ज्यांच्या दाखल्यावर तो शब्द नाही त्यांना. माझी कसोटी साधी आहे. हा शब्द जातीचं नाव म्हणून आज कोणत्या जिवंत माणसाच्या कागदपत्रावर आहे का? ‘ठग’ नाही, वापरा. ‘भामटा’ आहे, सोडा. शब्द कितीही जुना असो, कितीही खमंग असो.

समूहाचं नाव घसरत घसरत फसवणाऱ्यापर्यंत जाणं ही या भूमीतली फार जुनी रीत आहे. गिरनारच्या बाराव्या शिलालेखात अशोक सगळ्या ‘पासंडां’चा मान राखा असं सांगतो. तिथे पासंड म्हणजे पंथ, कोणताही पंथ, स्वतःचाही. पुढे एका पंथाने दुसऱ्याला उद्देशून तो शब्द वापरला, आणि आज पाखंडी म्हणजे ढोंगी. ‘नंगा-लुच्चा’ या जोडशब्दाबद्दलही असंच सांगतात: नग्न राहणारे आणि केशलोच करून केस उपटलेले, म्हणजे लुंचित, जैन साधू यांच्यावरून विरोधकांनी पाडलेली ही शिवी. नंगा हा नग्नावरून आला हे निर्विवाद. लुच्चाचं मूळ ‘लुञ्च्’, उपटणं, यात असणंही ध्वनीला धरून आहे. पण साधूंवरूनच तो आला की केस उपटल्यासारखं दुसऱ्याचं उपटून नेणारा म्हणून आला, हे त्या जोडशब्दावरून ठरत नाही. पासंडाचा पुरावा दगडावर कोरलेला आहे, लुच्चाचा नाही. दोन्ही एका तागडीत टाकू नयेत.

आणि ही रीत जुनी होऊन संपलेली नाही. झारखंडमधलं जामताडा २००१ साली जिल्हा झालं. वीस वर्षांच्या आत ते फोनवरून फसवणाऱ्यांचं सामान्यनाम झालं. ‘जामताडा टोळी’ असं मराठी बातमीत येतं तेव्हा टोळी कधी कधी दुसऱ्याच राज्यातली असते. त्या जिल्ह्यातल्या मुलाने मुंबईत खोली भाड्याने मागितली की घरमालक काय म्हणेल, याचा विचार बातमी लिहिताना करायला हवा. दीडशे वर्षांपूर्वी जे एका समाजाचं केलं ते आपण डोळ्यांदेखत एका जिल्ह्याचं करतो आहोत.

शब्द किती फिरू शकतो याचं माझ्या मते सर्वांत सुंदर उदाहरण ‘भोंदू’ आहे. हिंदीत भोंदू म्हणजे भोळसट, ज्याला कुणीही बनवावं असा. मराठीत भोंदू म्हणजे बनवणारा. सातपुडा ओलांडताना बळी आणि गुन्हेगार यांची अदलाबदल झाली! याचं उत्तर व्याकरणात असावं. मराठीत ‘भोंदणे’ हे क्रियापद आहे, दुसऱ्याला भोंदू करणं. आणि मराठीत क्रियापदाला ‘-ऊ’ लावून करणारा दाखवता येतो: लढाऊ, विकाऊ, टाकाऊ यांत कधी करणारा असतो, कधी ज्याच्यावर केलं जातं तो. त्याच दुहेरी प्रत्ययाच्या फटीतून अर्थ पलीकडे गेला असेल तर ते नियमाला सोडून नाही. ‘भोंदूबाबा’ हा शब्द मी मुद्दाम राखावा म्हणेन, कारण तो नेमका आहे. पैशाचा पाऊस पाडतो, गुप्तधन काढून देतो म्हणणाऱ्यांवर २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा दाखल होतो, आणि त्या बातमीत ‘भोंदूबाबा’ म्हटलं की वाचकाला फसवणुकीची जातकुळी लगेच कळते.

‘तोतया’ही तसाच नेमका. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून एक माणूस उभा राहिला. रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत होता, १७७६ साली तिथल्या अधिकाऱ्याच्याच साथीने बाहेर आला आणि कोकणातले किल्ले घेत सुटला. त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यात त्याला देहदंड झाला. भाऊसाहेबांच्या देहाच्या ओळखीबद्दलचा संशय आणि त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी न पुसलेलं कुंकू, या दोन गोष्टींनी त्याला एवढं बळ दिलं. लोक म्हणतात, तोता म्हणजे पोपट, दुसऱ्याचं बोलणं बोलतो म्हणून तोतया. पण मराठीत त्या पक्ष्याला पोपट, राघू, रावा म्हणतात. तोता हिंदीतून येतो. घरात तीन शब्द असताना उसनी उपमा घ्यायची तर तिचा कुठेतरी माग दिसायला हवा. तोवर ही कथाच. मूळ काहीही असो, शब्द कामाचा आहे: तोतया पोलीस, तोतया अधिकारी, तोतया डॉक्टर.

वाक्प्रचारांच्या बाबतीत तर कथांचं पीक आहे. ‘टोपी घालणे’ हे टोपीकरांवरून आलं असं हमखास सांगतात. आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस यांना टोपीकर म्हटलं आहे हे खरं. पण तिथे त्यांच्याबद्दलची भीती जमिनीच्या लोभाची आणि हट्टाची आहे, हातचलाखीची नाही. टोपीकर दुसऱ्याला टोपी घालत नव्हते, स्वतः घालत होते. ‘चुना लावणे’ची बाजू जास्त भक्कम आहे. कात आणि सुपारी महाग, चुना स्वस्त. विरलेल्या चुन्याची नखभर रेघ पानाला चव आणि रंग देते, तोच बोटभर झाला तर तोंड सोलवटून निघतं. आणि ते कळतं पान चघळल्यावर, पैसे देऊन झाल्यावर. भिंतीच्या सफेदीवरून हा वाक्प्रचार आला म्हणणाऱ्यांना क्रियापद आडवं येतं. भिंतीला चुना मारतातही, फासतातही. फसवताना मात्र तो फक्त लावतात, पानाला लावतात तसा. निकाल नव्हे, पण पारडं पानाकडे झुकतं. ‘गंडा घालणे’त गंडा म्हणजे मांत्रिकाचा काळा दोरा की चाराचा गंडा, चार कवड्यांचा, हे दोन्ही बाजूंनी ओढता येतं आणि दोन्ही बाजूंनी तुटतं.

आता पहिल्या मथळ्याकडे परत येऊ, कारण त्यातच एक मोलाचा शब्द दडलेला आहे. बतावणी. तमाशात गण झाला, गौळण झाली की बतावणी येते, मग वग. बतावणी म्हणजे दोघातिघांचं रंगवलेलं, आधी बसवलेलं, पण आत्ताच सुचल्यासारखं वाटणारं बोलणं. एक विचारतो, सोंगाड्या उत्तर देतो, आणि ऐकणारा खेचला जातो. तोतया पोलिसांची फसवणूक हुबेहूब अशीच चालते. सकाळी देवळातून परतणाऱ्या बाईंना एक जण थांबवतो, “आजी, पुढे खून झालाय, चेकिंग चालू आहे, दागिने अंगावर ठेवू नका.” ओळखपत्र अर्धवट दाखवतो. बाई बिचकतात, विश्वास बसलेला नसतो. तेवढ्यात शेजारून एक वाटसरू जातो. साहेब त्याला दरडावतात, तो निमूट गळ्यातली साखळी काढतो, साहेब ती कागदात बांधून त्याच्या हातात देतात, तो नमस्कार करून निघतो. हा दुसरा माणूस म्हणजे फसवणुकीचा कणा. त्याला पाहून बाई बांगड्या उतरवतात. त्यांच्याच रुमालात पुडी बांधली जाते, गाठ मारताना ती बदलली जाते, “घरी जाऊनच उघडा” असं बजावलं जातं. घरी निघतात खडे. सगळा प्रकार दोन-तीन मिनिटांचा.

बातमी वाचणाऱ्या प्रत्येक घराला यातून तीन गोष्टी कळायला हव्यात: पोलीस रस्त्यात कुणालाही दागिने काढायला लावत नाहीत, शेजारी आज्ञा पाळणारा वाटसरू हा साथीदार असतो, पुडी बांधण्याचा क्षण हाच चोरीचा क्षण. ‘बतावणी’ या शब्दात हे सगळं आहे. ‘भामट्यांनी’ या शब्दात यातलं काहीही नाही. तो फक्त कुणीतरी वाईट होतं एवढंच सांगतो, आणि तेही अनोळखी माणसाचं खापर एका ओळखीच्या नावावर फोडून. शिवाय अटक झाली त्याच दिवशी ‘भामटा गजाआड’ छापलं की न्यायालयाआधीच निकाल लागलेला असतो.

उपसंपादकांची अडचण मला कळते. मथळ्याला जागा कमी, ‘भामटा’ तीन अक्षरी, ठसठशीत. पण ‘ठक’ दोन अक्षरी आहे. ‘तोतया’ तीन अक्षरी आहे. जिथे माणसापेक्षा पद्धत महत्त्वाची तिथे ‘पुडी बदलून दागिने लांबवले’ असं लिहिलं तर कर्त्याची गरजच पडत नाही. सोनं चमकवून देतो म्हणत आम्लात बुडवून त्यातलं काही ग्रॅम सोनं विरघळवून नेणाऱ्याला ‘पॉलिशवाला ठक’ म्हटलं तर वाचणाऱ्या बाईला दारात उभा राहणारा माणूस ओळखता येतो. पोलिसांनी प्रसिद्धिपत्रक लिहितानाच हे शब्द वापरले तर निम्मं काम तिथेच होईल, कारण रात्रीच्या घाईत बातमी बहुतेक वेळा तशीच उचलली जाते.

शब्द निवडताना फसवणाऱ्यांचा शब्द उचलू नये, ही दुसरी बाजू. ‘दामदुप्पट’ घ्या. हिंदू कायद्यात दामदुपट हा ऋणकोच्या बाजूचा नियम होता. एका वेळी वसूल होणारं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असू शकत नाही, म्हणजे एकूण येणं मुद्दलाच्या दुप्पटीवर थांबतं. मुंबई इलाख्यात न्यायालयं तो लावत. सावकाराला घातलेली ती वेसण आज गुंतवणूकदाराला दाखवलेलं गाजर झाली आहे. वर्षात दामदुप्पट म्हणजे महिन्याला जवळपास सहा टक्के, चक्रवाढीने. सात टक्के वार्षिक व्याजाच्या ठेवीला दुप्पट व्हायला दहा वर्षं लागतात. मधला फरक कोणत्याही धंद्यातून येत नाही, तो नंतर आलेल्या गुंतवणूकदारांच्या खिशातून येतो, आणि नवे येणं थांबलं की सगळं कोसळतं. म्हणून ठेवीदारांच्या संरक्षणासाठी १९९९चा राज्याचा कायदा करावा लागला. बातमीत मात्र ‘दामदुप्पट योजनेत फसवणूक’ असं येतं, जणू अशी योजना असू शकते आणि यावेळी ती बिघडली.

‘चारसौबीस’चंही आता पाहा. दंड संहितेचं कलम ४२० जाऊन न्याय संहितेत ते ३१८(४) झालं. नव्या संहितेत कलमंच ३५८ आहेत, ४२० क्रमांकच नाही. बोलण्यात तो शब्द राहील, राहू द्या. त्याने कुणाचं नाव खराब होत नाही. पण तोतया पोलिसाच्या बातमीत नेमकं कलम लिहायचं तर लोकसेवक असल्याचं सोंग घेण्यासाठी २०४ आणि तोतयेगिरी करून फसवण्यासाठी ३१९ लिहावं.

सगळ्यांत घातक उसना शब्द ‘डिजिटल अरेस्ट’ आहे. हा शब्द ठकांनी बनवला. कायद्यात अशी अटक नाही, कोणतीही यंत्रणा व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक करत नाही. २७ ऑक्टोबर २०२४च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही हेच सांगितलं. तरी बातमी येते, ‘निवृत्त शिक्षकाला १२ दिवस डिजिटल अरेस्ट’. अवतरणचिन्ह नाही, ‘कथित’ नाही. पुढच्या वृद्ध माणसाला फोन येतो तेव्हा हा शब्द त्याने वर्तमानपत्रात वाचलेला असतो, म्हणून तो त्याला खरा वाटतो. शेजारचा साखळी काढणारा वाटसरू इथे आपण झालेलो असतो. त्याऐवजी ‘अटकेची बतावणी करून फोनवर डांबून ठेवलं’ असं लिहावं, आणि त्याच चौकटीत सायबर फसवणूक कळवण्याचा १९३० हा क्रमांक द्यावा. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत तिथे कळवलं तर ते पुढच्या खात्यांत वाटले जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते, आणि त्या तासांत माणूस क्रमांक शोधत बसला तर ती निघून जाते.